कपाटावर जाऊन बसलेला रोबोट

प्रश्न : आमची दोन्ही मुले गेली दोन वर्षे घरीच शिकत आहेत. मुलगा ११ वर्षांचा आहे आणि मुलगी ७ वर्षांची. मुलाला रोबोटचे फार वेड, म्हणून त्याला एक तयार किट आणून दिले. सोबतच्या पुस्तिकेत पाहून त्याने दोन दिवसांत गाडी जोडली, ती भिंतीजवळ जाऊन आपोआप वळलीही, घरात सगळ्यांनी कौतुक केले आणि आठवड्याभरात ती कपाटावर जाऊन बसली. तेव्हापासून ती तिथेच धूळ खाते आहे. मुलीच्या वाट्याला त्या सगळ्यात दादाला स्क्रू देण्याचे काम तेवढे आले. मला किंवा माझ्या पतींना इलेक्ट्रॉनिक्समधले काहीही कळत नाही. ‘शाळेत प्रयोगशाळा असते, तुम्ही घरी रोबोटिक्स कसे शिकवणार?’ असे लोक विचारतात तेव्हा उत्तर सुचत नाही. याहून मोठे किट आणावे, की ऑनलाइन वर्ग लावावा? सुरुवात नेमकी कुठून करावी, आणि मुले खरोखर शिकत आहेत की नाहीत हे आम्ही कसे ओळखावे?

उत्तर : तुमच्या पत्रातले कपाटाचे वाक्य वाचताना मला अनेक घरे आठवली. घरी शिकणाऱ्या मुलांबरोबर काम करताना असे धूळ खात पडलेले रोबोट मी खूप पाहिले आहेत, आणि बहुतेक आईवडिलांनी त्याचा अर्थ एकच लावलेला असतो, की मुलाची हौस फिटली. मला तसे वाटत नाही. तुमच्या मुलाला त्या गाडीत करण्यासारखे काही उरलेच नाही. चाके कुठे बसवायची, सेन्सर, म्हणजे भोवतालचे काहीतरी ओळखणारा भाग, किती उंचीवर लावायचा, भिंत किती जवळ आली की वळायचे, हे सगळे निर्णय किट बनवणाऱ्याने आधीच घेऊन ठेवले होते आणि मुलाकडे राहिली ती फक्त जोडणी. ती त्याने चांगली केली, आकृती वाचायला आणि स्क्रू नीट आवळायला तो शिकला, आणि ते मी मुळीच कमी लेखत नाही. पण ज्यासाठी रोबोटिक्स शिकायचे, ते त्या दोन दिवसांत त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही. म्हणून मोठे किट आणू नका, निदान पुढचे सहा महिने तरी. मोठ्या किटमध्ये सुटे भाग जास्त असतील आणि पुस्तिका जाड असेल, पण निर्णय पुन्हा दुसऱ्यानेच घेतलेले असतील.

रोबोट म्हणजे काय, हे आधी तुम्ही दोघांनी नीट समजून घ्या, कारण त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. बटण दाबले की पळणारी खेळण्यातली गाडी रोबोट नसते, कारण तिच्या वतीने सगळे आपण ठरवत असतो. रोबोट भोवतालचे काहीतरी जाणून घेतो, त्यावरून काय करायचे ते ठरवतो, ते करतो आणि केल्यावर परिस्थिती कशी बदलली हे पुन्हा तपासतो. हे चक्र सतत चालू राहते. त्यासाठी फार सामग्री लागते असेही नाही. १९४८-४९ च्या सुमारास ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाने ‘एल्मर’ आणि ‘एल्सी’ नावाची दोन यांत्रिक कासवे तयार केली होती. प्रत्येक कासवात फक्त दोन निर्वात नळ्या (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या), उजेड ओळखणारा एक सेन्सर आणि कशाला धडकल्याचे सांगणारा एक स्पर्शसेन्सर होता, तरीही ती उजेडाचा माग काढत, अडथळा आला की बाजूने वाट शोधत आणि बॅटरी उतरू लागली की आपल्या खोपटातल्या दिव्याकडे परतत. इतक्या थोड्या भागांतून इतके जिवंत वाटणारे वागणे निर्माण होते, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. तुमच्या कपाटावरच्या गाडीत एल्मरपेक्षा कितीतरी जास्त साहित्य आहे.

सुरुवात मात्र त्या गाडीपासूनही करू नका. सुरुवात तुमच्यापासून करा. एके दिवशी आईने किंवा बाबांनी रोबोट व्हावे, डोळ्यांवर पट्टी बांधावी आणि मुलांनी फक्त ठरलेल्या आज्ञा द्याव्यात : एक पाऊल पुढे, उजवीकडे वळ, हात वर, पकड, सोड. काम साधे असावे, म्हणजे टेबलावरचे पुस्तक उचलून खुर्चीवर ठेवणे, एवढेच. अट अशी, की रोबोटने स्वतःची अक्कल अजिबात चालवायची नाही. ‘पकड’ म्हटले आणि पुस्तक अजून वीतभर लांब असेल, तर हवाच पकडायची. पहिल्या पाच मिनिटांत मुलांच्या लक्षात येते, की यंत्राला ‘समजून घे ना’ असे म्हणता येत नाही, आणि माणसाला न सांगता कळणाऱ्या शंभर गोष्टी यंत्राला एकेक करून सांगाव्या लागतात. या खेळात आज्ञा देण्याचे काम मुलीकडे द्या. सात वर्षांची मुलगी मोठ्या माणसाला चालवते आहे आणि चुकीच्या आज्ञेचा परिणाम लगेच डोळ्यांसमोर दिसतो आहे, याहून चांगला पहिला धडा मला माहीत नाही.

हा विचार जुना आणि कसोटीला उतरलेला आहे. गणितज्ञ सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली आणि पुढे तिच्या जोडीला जमिनीवर फिरणारे एक यांत्रिक कासव आणले. चौकोन काढण्यासाठी कासवाला कोणत्या आज्ञा द्यायच्या हे मुलाला सुचत नसेल, तर त्याने स्वतः उठून चौकोनात चालून पाहावे, असे पॅपर्ट यांचे सांगणे होते. तुम्हीही तेच करा. ठरावीक पावले पुढे, ९० अंश उजवीकडे, हे चार वेळा केले की चौकोन झाला. मग मुलांना त्रिकोणात चालायला सांगा. बहुतेक मुले तिथे ६० अंश वळतात, कारण त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असे त्यांनी ऐकलेले असते, आणि मग आपण निघालेल्या जागी परत का आलो नाही याचे त्यांना कोडे पडते. चालणाऱ्याला १२० अंश वळावे लागते, कारण पूर्ण फेरी मारून येताना एकूण ३६० अंश वळायचे असते. हे त्यांना पायांनी कळू द्या, फळ्यावर सांगू नका.

यानंतर संगणकाकडे वळायला हरकत नाही. मुलीसाठी चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्राम, म्हणजे यंत्रासाठीच्या आज्ञांची यादी, बनवण्याचे ‘स्क्रॅच ज्युनियर’ योग्य ठरेल, कारण ते ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठीच आहे आणि त्यात वाचता येण्यावर फारसे काही अडत नाही. मुलासाठी त्याचेच मोठे भावंड ‘स्क्रॅच’ आहे, जे २००७ पासून मोफत उपलब्ध आहे. त्यात त्याला लूप (तीच आज्ञा पुन्हा पुन्हा करणे), अट (‘असे झाले तर तसे कर’) आणि चल (बदलणारा आकडा साठवण्याची नावाची जागा) या तीन कल्पना पक्क्या करता येतील, कारण या तीन कल्पना हाताशी असल्या की पुढच्या कोणत्याही रोबोटचा प्रोग्राम वाचता येतो. विजेचे सर्किट हाताळण्याची भीती वाटत असेल तर ‘टिंकरकॅड’ या संकेतस्थळावर पडद्यावरच एलईडी, मोटर आणि आर्डुइनो (प्रोग्राम भरून यंत्र चालवता येणारा एक लहान बोर्ड) जोडून पाहता येतात. तिथे चुकीची जोडणी केली तरी काही जळत नाही, आणि तुम्ही दोघेही मुलांच्या शेजारी बसून निर्धास्तपणे शिकू शकता. मात्र पडद्यावर फार दिवस रेंगाळू नका. पडद्यावरच्या मोटरची तार सैल होत नाही आणि चाक घसरत नाही, आणि रोबोटिक्समधले निम्मे शिक्षण सैल तारेत आणि घसरणाऱ्या चाकातच असते.

प्रत्यक्ष साहित्य घ्यायचे ठरेल तेव्हा माझा कल ‘मायक्रोबिट’कडे आहे. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या ११-१२ वर्षांच्या लाखो विद्यार्थ्यांना हा प्रोग्राम भरता येणारा लहानसा बोर्ड वाटला गेला, म्हणजे तो तुमच्या मुलाच्या वयासाठीच घडवलेला आहे. त्यावर २५ एलईडींचा पडदा, दोन बटणे, हालचाल ओळखणारा सेन्सर आणि होकायंत्र हे सगळे आधीच बसवलेले असते, त्यामुळे एकही तार न जोडता पहिल्या दिवशी काहीतरी उपयोगी करता येते. आर्डुइनो मी साधारण वर्षभराने सुचवेन, कारण त्यात प्रोग्राम शब्दांत लिहावा लागतो, प्रत्येक भाग बाहेरून जोडावा लागतो आणि चुकायला जागा खूप असते. दोन्हींपैकी काहीही घेण्याआधी त्या कपाटावरच्या गाडीतला बोर्ड वेगळा प्रोग्राम स्वीकारतो का, ते पाहा. पुष्कळ किटांमध्ये आर्डुइनोच असतो आणि ते खोक्यावर ठळक लिहिलेले नसते. कोणी वापरलेले ‘लेगो माइंडस्टॉर्म्स’ हे रोबोट किट देऊ केले तर घाईने घेऊ नका. त्या मालिकेचे उत्पादन २०२२ च्या अखेरीस थांबले आहे, म्हणून त्याचे सॉफ्टवेअर तुमच्या संगणकावर चालते याची आधी स्वतः खात्री करून घ्या.

आता ज्यासाठी हे सगळे करायचे त्याकडे येते. एका घरातली १२ वर्षांची मुलगी दोन मोटरची साधी गाडी बनवत होती. गाडीने सरळ जावे, एवढेच तिला हवे होते. तिने जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची ३ मीटर लांबीची रेघ मारली, दोन्ही मोटरना वेगाचा सारखाच आकडा दिला, १८०, आणि गाडी सोडली. गाडी डावीकडे गेली. मी तिथेच बसले होते आणि कारण मला माहीत होते, पण तिच्या आईने मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितले, त्याबद्दल मी त्या आईची आजही ऋणी आहे. मुलीने वहीत लिहिले : ‘प्रयत्न १, रेघेपासून ४२ सेंमी डावीकडे. प्रयत्न २, ३९ सेंमी. प्रयत्न ३, ४४ सेंमी.’ मग तिला वाटले, जमिनीला उतार असेल. तिने गाडी रेघेच्या दुसऱ्या टोकाकडून सोडली. उतार असता तर आता गाडी स्वतःच्या उजवीकडे गेली असती. ती पुन्हा डावीकडेच गेली. वहीत उतारावर काट मारली गेली. मग तिने दोन्ही चाके अदलाबदल केली, तरी गाडी डावीकडेच. मग दोन्ही मोटर अदलाबदल केल्या आणि गाडी उजवीकडे गेली. त्या वेळी तिने जी उडी मारली ती माझ्या चांगली लक्षात आहे, कारण गाडी अजूनही वाकडीच जात होती आणि मुलगी आनंदाने ओरडत होती, ‘मोटरच आहे! मोटरच आहे!’

सारख्या दिसणाऱ्या दोन मोटर कधीच अगदी सारख्या फिरत नाहीत, हे तिला कोणी सांगितले नव्हते. जोरात फिरणाऱ्या मोटरचा आकडा ती थोडा थोडा उतरवत गेली आणि १६८ वर गाडी रेघेवरून नीट गेली. इथे एखादे पुस्तक धडा संपवते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण चार्ज केलेले सेल घातल्यावर तीच गाडी त्याच आकड्यांवर १५ सेंमी बाजूला गेली. मुलगी बराच वेळ वही पाहत बसली आणि मग म्हणाली, ‘म्हणजे मी कितीही आकडे बदलले तरी उपयोग नाही. आपण वाकडे चाललोय हे गाडीचे गाडीलाच कळायला पाहिजे.’ प्रतिसाद नियंत्रण नावाचा अभियांत्रिकीतला एक मोठा विषय आहे आणि त्याची पूर्ण गरज तिने या एका वाक्यात मांडली होती. त्यानंतर गाडीखाली रेघ ओळखणारे दोन सेन्सर बसले, ते तिने स्वतः मागून घेतले म्हणून. या सगळ्याला नऊ दिवस लागले. ४० मिनिटांच्या तासात कोणत्याही शिक्षकाला, त्याची कितीही इच्छा असली तरी, ‘तो आकडा १६८ कर’ असे सांगून पुढे जावे लागले असते. लोक तुम्हाला प्रयोगशाळेबद्दल विचारतात, तेव्हा त्यांना या नऊ दिवसांबद्दल सांगा. अडलेले यंत्र तसेच टेबलावर ठेवून मुलाला सलग नऊ दिवस त्याच प्रश्नाशी झुंजू देणे, हे घरी शिकणाऱ्या मुलांना मिळू शकणारे सर्वांत मोठे धन आहे, आणि ते उधळून टाकू नये असे मला मनापासून वाटते.

तुम्हाला इलेक्ट्रॉनिक्स येत नाही याची चिंता म्हणूनच मला फारशी वाटत नाही. उत्तर माहीत असलेल्या मोठ्या माणसाला गप्प बसणे जड जाते, तुम्हाला ते सोपे जाईल. यंत्र बिघडले की तीनच प्रश्न विचारा. काय व्हायला हवे होते? प्रत्यक्षात काय झाले? आता तू कोणती एकच गोष्ट बदलून पाहणार आहेस? तिसऱ्या प्रश्नातल्या ‘एकच’ या शब्दावर ठाम राहा, कारण मुले घाईने चार गोष्टी एकदम बदलतात, मग यंत्र सुरू झाले तरी ते कशामुळे झाले हे कळत नाही. आणि तुमचे हात यंत्राला लावू नका. मूल स्क्रू ड्रायव्हरशी झटत असते तेव्हा मदत करण्याचा मोह फार होतो, पण एकदा तुम्ही हातात घेतलेले यंत्र मुलाकडे पूर्णपणे परत जात नाही.

काही तांत्रिक गोष्टी मात्र तुम्ही माहीत करून घ्याव्यात, म्हणजे मुलांचे दिवस निष्कारण वाया जाणार नाहीत. एलईडी जोडताना सोबत रेझिस्टर, म्हणजे प्रवाह मर्यादित ठेवणारा भाग, हवाच, साधारण २२० ओहमचा चालतो. मोटर थेट बोर्डाच्या पिनेला कधीही जोडू नये. आर्डुइनो उनोच्या एका पिनेतून सुमारे २० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह घ्यावा असे मानतात आणि लहानशी मोटरसुद्धा सुरू होताना काहीशे मिलिअँपिअर ओढते. म्हणून मध्ये मोटर ड्रायव्हर लागतो, जो बोर्डाच्या सांगण्यावरून बॅटरीचा प्रवाह मोटरला देतो. मोटरसाठी वेगळी बॅटरी वापरली तर त्या बॅटरीची ऋण तार आणि बोर्डाचा ग्राउंड (‘GND’ लिहिलेली पिन) एकमेकांना जोडलेले असावे लागतात, आणि ही एक तार विसरल्यामुळे किती घरांत किती संध्याकाळी रडारड झाली असेल, याची गणती नाही. मोटर सुरू होताच बोर्ड बंद पडून पुन्हा चालू होत असेल, तर दोष बहुधा प्रोग्रामचा नसून बॅटरीचा असतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरला पुरत नाही, त्यापेक्षा चार पेन्सिल सेल बरे. फक्त चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे आणि साधे १.५ व्होल्टचे असतात, म्हणजे चार सेलांचे मिळून ४.८ की ६ व्होल्ट, हा फरक लक्षात ठेवावा. मायक्रोबिट ३ व्होल्टवर चालतो, त्यामुळे ५ व्होल्टवर चालणारा सेन्सर त्याला सरळ जोडू नये. काही बिघडले की आधी बॅटरी, मग तारा आणि सर्वांत शेवटी प्रोग्राम तपासायचा, हा क्रम कागदावर लिहून टेबलासमोर लावा. मुले नेहमी उलट्या क्रमाने जातात. व्होल्टेज वगैरे मोजणारा एक साधा मल्टिमीटर मात्र पहिल्या महिन्यातच घ्या आणि सेलचा व्होल्टेज मोजायला मुलीलाही शिकवा.

सुरक्षेबाबत मी थोडी कठोर आहे. भिंतीतल्या विजेशी संबंधित कोणताही प्रयोग मुलांनी करू नये, अगदी मोठ्या माणसाच्या देखरेखीतही नाही. लिथियमचे सुटे सेल पहिल्या दोन वर्षांत घरात आणूच नका, कारण त्यांची टोके चुकून जोडली गेली किंवा सेल चेपला गेला तर आग लागू शकते. सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने तारा पक्क्या जोडणे, मुलाला शिकवता येईल, पण सोल्डरिंग आयर्नचे टोक ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते, म्हणून मोठे माणूस शेजारी, डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी आणि काम झाल्यावर हात धुणे, यांतले एकही सुटता कामा नये. सुरुवातीला ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा नुसत्या खोचून जोडता येणाऱ्या छिद्रांच्या पट्टीवर, सगळे भागते.

बाकीच्या विषयांपासून रोबोटिक्स वेगळे काढून त्याचा स्वतंत्र तास करू नका. गाडीच्या चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर असेल तर एका फेरीत ती सुमारे २०.४ सेंटीमीटर जाते, मग १ मीटर जायला किती फेऱ्या लागतील, हे गणित मुलगा स्वतःहून करतो, कारण त्याला गाडी दाराशी थांबवायची असते. अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. आवाज खोलीच्या तापमानात सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, आणि जाऊन परत यायचे असल्यामुळे प्रत्येक सेंटीमीटरला सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात. हा आकडा त्याला तयार देऊ नका, काढायला लावा. मग मोजपट्टीने आणि सेन्सरने एकच अंतर मोजून पाहू द्या, आधी भिंतीपर्यंतचे आणि नंतर जाड पडद्यापर्यंतचे. पडद्यासमोर सेन्सर गोंधळतो, कारण मऊ कापड आवाज शोषून घेते. वटवाघळे, मऊ कपडे आणि रिकाम्या खोलीतला घुमणारा आवाज, हे सगळे त्या एका गोंधळातून बोलण्यात येते. भाषेच्या अंगानेही काही हाताला लागते. ‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० मधल्या चेक नाटकातून जगभर पसरला आणि त्याच्या मुळाशी असलेल्या शब्दाचा अर्थ वेठबिगारी असा आहे. यंत्राला वेठीला धरणे आणि माणसाला वेठीला धरणे यांत फरक काय, यावर ११ वर्षांचा मुलगा अर्धा तास वाद घालू शकतो.

मुले शिकत आहेत की नाहीत, हे तुम्हाला वहीतून कळेल. प्रत्येक मुलाची स्वतंत्र वही ठेवा आणि तीत तारीख, काय करायचे ठरवले, काय बिघडले आणि पुढे काय बदलून पाहिले एवढे असू द्या. मुलगी चित्रे काढेल, ती पुरेशी आहेत. तीन महिन्यांनी पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवून पाहा. सुरुवातीला ‘चालत नाही’ एवढेच लिहिणारे मूल ‘उजवी मोटर चालते, डावी चालत नाही, तारा अदलाबदल केल्यावर डावी चालली’ असे लिहू लागले असेल, तर त्याहून वेगळी परीक्षा घेण्याची गरज नाही. घरी शिकण्याचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात, पण जिथे प्रगतीची नोंद दाखवावी लागते तिथेही अशी तारीखवार वही आणि सोबत चालत्या यंत्राचे छोटे चित्रण फार उपयोगी पडते.

वेळापत्रकाबद्दल एवढेच सांगेन, की रोज अर्धा तास ठेवण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा सलग दोन तास ठेवा आणि मधल्या दिवसांत ते टेबल आवरू नका. सगळे खोक्यात भरून ठेवले की पुन्हा काढण्याचाच कंटाळा येतो आणि रोबोट कपाटावर जातो.

ऑनलाइन वर्गाला माझा सरसकट विरोध नाही. पण लावण्याआधी एक तास स्वतः बसून पाहा. शिक्षक सांगतात आणि सगळ्यांची गाडी एकाच वेळी एकसारखी चालू लागते, असा वर्ग म्हणजे पडद्यावर आलेली तीच पुस्तिका. एखाद्या मुलाची गाडी चालली नाही आणि शिक्षक सगळा वर्ग थांबवून ती का चालली नसेल हे मुलांनाच विचारतात, असा वर्ग सापडला तर तो सोडू नका. यापेक्षाही जवळचा मार्ग म्हणजे माणसे शोधणे. यंत्रे दुरुस्त करणारे एखादे ओळखीचे गृहस्थ किंवा निवृत्त तंत्रज्ञ महिन्यातून एक तास मुलांबरोबर बसायला बहुधा आनंदाने तयार होतात. त्यांना शिकवायला सांगू नका, ते स्वतः बिघाड कसा शोधतात तेवढे मुलांना पाहू द्या.

आणि घरी शिकणाऱ्या आणखी दोन-तीन कुटुंबांना बरोबर घ्या. सुटे भाग वाटून वापरता येतात हा फायदा आहेच, पण मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. आपण लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याला समजावून सांगावा लागला, की मुलाला स्वतःला तो किती कळला आहे हे उघड होते. वर्षभराने असा गट स्पर्धेचाही विचार करू शकेल. ‘फर्स्ट लेगो लीग’मध्ये शाळेबाहेरचे गटही भाग घेतात आणि तिथे यंत्राइतकेच मुलांनी केलेल्या संशोधनाकडे आणि एकमेकांशी वागण्याकडे पाहिले जाते, म्हणून ती मला आवडते. २००४ पासून भरणारी ‘वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड’ दोन-तीन मुलांच्या गटांसाठी आहे. पण पहिल्याच वर्षी स्पर्धा नको. तारखेचे दडपण आले की मोठी माणसे हात घालतात, आणि मग रोबोट आईवडिलांचा होतो.

तुमच्या मुलीबद्दल शेवटी लिहिते आहे, पण पत्र वाचल्यापासून तीच माझ्या डोक्यात आहे. दादाला स्क्रू देणारी बहीण हे चित्र मी इतक्या वेळा पाहिले आहे, की त्याबद्दल स्पष्ट बोलणे मला भाग वाटते. लहान भावंड मदतनीस झाले की ते वर्षानुवर्षे मदतनीसच राहते, आणि मुलींच्या बाबतीत हे जास्त घडते. तिला स्वतःचे यंत्र हवे, कितीही साधे असले तरी. पुठ्ठ्याचा खोका, एक लहान मोटर, दोन सेल आणि मोटरच्या दांड्यावर एका बाजूला चिकटवलेला खोडरबराचा तुकडा, एवढ्यात थरथरत पुढे सरकणारा एक किडा तयार होतो. त्याला पाय किती असावेत, खोडरबर मोठा लावला तर काय होईल, तो गोल गोल का फिरतो, हे तिचे प्रश्न, आणि त्यांत दादाने हात घालायचा नाही. दादाला काही विचारायचे असेल तर त्यानेही तुमचे तेच तीन प्रश्न विचारावेत.

या आठवड्यात करायचे काम छोटे आहे. कपाटावरची गाडी खाली काढा, धूळ पुसा आणि मुलाला विचारा, की या गाडीने तुझ्यासाठी घरातले कोणते एक काम करावे असे तुला वाटते. खोलीत अंधार झाला की दारापाशी दिवा घेऊन येणे, कुंडीतली माती कोरडी झाल्याचे सांगणे, बहिणीच्या खोलीत निरोप पोहोचवणे, काहीही चालेल. काम ठरले की गाडी त्यालाच पूर्ण सुटी करू द्या, प्रत्येक भाग टेबलावर मांडू द्या आणि यांतले कोणते उपयोगाचे आणि कोणते नाहीत ते त्यालाच ठरवू द्या. पुस्तिका तेवढी कपाटावरच राहू द्या.